सेकंदाला चाळीस: मेंदूतली लय संगणकात कशी बांधतात

एखाद्याला अंधाऱ्या खोलीत बसवून समोरच्या पडद्यावर काळे-पांढरे पट्टे दाखवले आणि डोक्याच्या मागच्या भागावर, दृष्टीचा कॉर्टेक्स असतो त्या जागी, इलेक्ट्रोड लावले, तर पट्टे उमटल्यावर काही क्षणांतच तिथल्या विद्युत् संकेतात एक बारीक थरथर सुरू होते. सेकंदाला ३० ते ७० वेळा वरखाली होणारी ही लय पट्टे समोर असेपर्यंत टिकते आणि पडदा कोरा केला की विरते. तिला गॅमा लय म्हणतात. पट्टे तर स्थिर असतात. सेकंदाला चाळीस वेळा बदलणारं त्यांच्यात काहीच नसतं. मग हा ठेका येतो कुठून?

मेंदूत कुठेतरी ठेका देणारी एक पेशी असेल आणि बाकीच्या तिच्यामागे चालत असतील, असं पहिल्यांदा मनात येतं. कॉर्टेक्समध्ये अशी पेशी नाही आणि तिची गरजही नाही. गरज का नाही, हे पटवून घेण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ती लय स्वतः बांधून बघणं. तीच बांधणी आपण इथे एकेक पायरी करून पाहू. गणित फारसं लागणार नाही. थोडा भागाकार मात्र करायचा आहे.

आधी मोजतो ते नेमकं काय, हे स्पष्ट हवं. जर्मनीत येना इथल्या विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूच्या लहरी नोंदवल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांना दिसली ती सेकंदाला साधारण दहाची अल्फा लय. डोळे मिटले की ती फुगायची, उघडले की दबायची. कित्येकांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९३४ साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग केला, त्यातही एड्रियन यांनी स्वतःच्याच डोक्याला तारा लावून घेतल्या, आणि मग शंका मिटली.

डोक्यावरच्या तारेला एका पेशीचा आवाज कधीच ऐकू येत नाही. कॉर्टेक्स ही दोन ते चार मिलिमीटर जाडीची, सहा थरांची घडी घातलेली चादर. तिच्यातल्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींच्या लांब फांद्या एकमेकींना समांतर, पृष्ठभागाकडे उभ्या असतात. हजारो फांद्यांमधून एकाच वेळी एकाच दिशेने प्रवाह वाहिला तरच त्यांची बेरीज बाहेरपर्यंत पोचते, आणि पोचते तीही काही मायक्रोव्होल्टची. पेशी आपापल्या वेळी वागल्या तर बेरीज जवळपास शून्य. म्हणजे बाहेर लय दिसली याचा अर्थ आत हजारो पेशी वेळ जुळवून वागताहेत. लय कशी बनते, हा प्रश्न खरं म्हणजे पेशींची वेळ कशी जुळते, हाच आहे.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडच्या घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० फेरे, बरोबर गॅमाच्या पट्ट्याच्या मधोमध. भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण इलेक्ट्रोडमध्ये शिरते आणि ती मेंदूच्या गॅमापेक्षा मोठीसुद्धा असू शकते. त्यात डोळ्यांच्या अगदी सूक्ष्म हालचाली आणि कपाळाचे स्नायू हेही याच पट्ट्यात भर घालतात. म्हणून गॅमावरचं कुठलंही खळबळजनक विधान वाचलं की त्यांनी हा कचरा कसा गाळला, हे आधी बघावं.

गॅमाची खरी चर्चा सुरू झाली १९८९ साली. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत चार्ल्स ग्रे, वोल्फ सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये बारीक इलेक्ट्रोड उतरवले. एकमेकांपासून काही मिलिमीटर दूर असलेल्या पेशी ४० ते ६० हर्ट्झच्या लयीत एकाच वेळी पेटत होत्या, आणि दोन्हींच्या समोरून एकच लांब रेघ सरकली तर त्यांची वेळ जास्त चांगली जुळत होती. यातून एक आकर्षक कल्पना निघाली: एका वस्तूचे तुकडे वेगवेगळ्या पेशी पाहतात, आणि ते तुकडे एकाच वस्तूचे आहेत हे मेंदू या सामायिक लयीवरून ओळखतो. कल्पना इतकी देखणी होती की पुढची कित्येक वर्षं तिने या क्षेत्राला वेड लावलं. ती कितपत टिकली ते पुढे येईलच.

आता बांधणी. पहिला भाग म्हणजे एक पेशी.

पेशीच्या आवरणाच्या आतबाहेर विद्युत्दाबाचा फरक असतो. स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण, म्हणून उणे ७०. इतर पेशींकडून उत्तेजन आलं की हा आकडा शून्याकडे चढतो. साधारण उणे ५० ला पोचला की पेशी एक झटका देते, त्याला स्पाइक म्हणतात, आणि आकडा पुन्हा खाली येतो. स्पाइकच्या आतलं सोडियम-पोटॅशियमचं सगळं यंत्र हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली समीकरणांत बसवलं. त्यासाठी त्यांनी माखुळाच्या जाड चेतातंतूवर मोजमापं केली आणि पुढची आकडेमोड हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केली. १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. पण लयीचा प्रश्न सोडवायला एवढी बारकाई लागत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लापीक यांनी १९०७ साली मांडलेल्या कल्पनेतून आलेली एक फार साधी पेशी पुरते: उत्तेजन साठवते, साठलेलं सतत थोडं गळतं, आणि उंबरठा गाठला की स्पाइक देऊन मूळ पदावर येते.

ही पेशी कागदावर चालवून बघू. तिला इतकं स्थिर उत्तेजन देऊ की स्पाइकची भानगड नसती तर दाब उणे ४५ ला जाऊन थांबला असता. आवरणाचा कालांक २० मिलिसेकंद धरू. नियम एवढाच की दर मिलिसेकंदाला पेशी आपल्या गन्तव्यापासून जितकी दूर असेल त्याचा विसावा भाग पुढे सरकते. सुरुवात उणे ७० ला. गन्तव्य २५ मिलिव्होल्ट दूर. पंचवीसचा विसावा भाग सव्वा. म्हणजे पहिल्या मिलिसेकंदानंतर उणे ६८.७५. आता अंतर २३.७५ उरलं, त्याचा विसावा भाग जवळपास १.१९, दुसऱ्यानंतर उणे ६७.५६. पावलं लहान होत जातात. असं करत उणे ५० चा उंबरठा गाठायला सुमारे ३२ मिलिसेकंद लागतात, आणि स्पाइक देऊन पेशी पुन्हा उणे ७० ला. म्हणजे सेकंदाला एकतीसेक स्पाइक. उत्तेजन वाढवून गन्तव्य उणे ४० केलं तर २२ मिलिसेकंदांत उंबरठा गाठतो. गन्तव्य उणे ५२ असेल तर पेशी जन्मात पेटणार नाही.

इथे घाई करणारा म्हणेल, मिळाली की लय! मिळाली नाही. अशा एक हजार पेशी घ्या. प्रत्येकीचं उत्तेजन किंचित वेगळं, सुरुवातीचा दाब वेगळा. कोणी २२ मिलिसेकंदांनी पेटते, कोणी ३२ ने, कोणी २७ ने. काही क्षणांत त्यांच्या वेळा पार विस्कटतात आणि बेरीज सपाट येते. प्रत्येक पेशी नियमित, समूह मात्र बेलय. जुळवणूक अजून बाकी आहे.

ती करतो दुसरा भाग, पेशींमधले दुवे. कॉर्टेक्समधल्या ढोबळ मानाने ८० टक्के पेशी उत्तेजक आणि २० टक्के रोधक. उत्तेजक पेशी ग्लुटामेट सोडते आणि पुढच्या पेशीचा दाब उंबरठ्याकडे ढकलते. रोधक पेशी गाबा नावाचं रसायन सोडते आणि पुढच्या पेशीला उंबरठ्यापासून लांब धरून ठेवते. लयीच्या दृष्टीने महत्त्वाच्या रोधक पेशी म्हणजे झटपट स्पाइक देणाऱ्या, पार्व्हअल्ब्युमिन हे प्रथिन बाळगणाऱ्या. त्या शेजारच्या पिरॅमिड पेशींच्या मुख्य भागालाच वेढा घालून बसतात, त्यामुळे त्यांचा शब्द मोडता येत नाही.

सगळी मेख वेळेत आहे. ग्लुटामेटच्या जलद दुव्याचा परिणाम दोन-तीन मिलिसेकंदांत ओसरतो. गाबाच्या दुव्याचा परिणाम ओसरायला दहाएक मिलिसेकंद लागतात. उत्तेजन चटकन येऊन चटकन जातं, रोध मागाहून येतो आणि रेंगाळतो.

संगणकात ८०० उत्तेजक आणि २०० रोधक पेशी घ्या, त्यांना एकमेकींशी वाटेल तशी जोडा, उत्तेजक पेशींना स्थिर पण थोडं कमीजास्त उत्तेजन द्या आणि घड्याळ सुरू करा. पहिल्या काही क्षणांचा गोंधळ सरला की एक फेरा असा दिसतो. शून्याव्या मिलिसेकंदाला सगळ्यात जास्त उत्तेजन असलेल्या काही उत्तेजक पेशी पेटतात आणि आणखी काहींना सोबत ओढतात. या धक्क्याने रोधक पेशींचा दाब झपाट्याने चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या मिलिसेकंदाला त्या एकगठ्ठा पेटतात. पाचव्यापर्यंत गाबाच्या वाटा सगळीकडे उघडलेल्या असतात. ज्या उत्तेजक पेशी उंबरठ्याच्या अगदी जवळ आल्या होत्या त्यासुद्धा खाली दाबल्या जातात. आता कोणीच पेटत नाही. उत्तेजक गप्प, म्हणून रोधकांनाही धक्का नाही, म्हणून त्याही गप्प. या शांततेत एकच गोष्ट घडत असते: रोध ओसरत असतो. दहा मिलिसेकंदांनी तो सदतीस टक्क्यांवर येतो, वीस मिलिसेकंदांनी चौदाच्या आत. विसाव्या ते पंचविसाव्या मिलिसेकंदाच्या दरम्यान बाहेरचं उत्तेजन पुन्हा वरचढ ठरतं आणि सगळा खेळ पहिल्यापासून. पंचवीस मिलिसेकंदांचा एक फेरा, सेकंदाला चाळीस.

वेळ जुळली कशी, तेही यातच आहे. रोध सगळ्यांवर एकदम पडतो आणि सगळ्यांवर जवळपास एकाच गतीने ओसरतो. आधीच्या फेऱ्यात कोण पुढे होतं आणि कोण मागे, हा हिशेब तो पुसून टाकतो. सुटका एकदमच होते, म्हणून पुढचा झटकाही एकदमच येतो.

उशिरा पोचणारा आवर कुठेही असला तरी हेच होतं. गीझरचं पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून आपण गरम जास्त सोडतो, मग चटका बसला की घाईने गार वाढवतो, तेही उशिरा पोचतं, आणि बादली भरेपर्यंत पाणी आलटूनपालटून कढत आणि थंड येत राहतं. उशीर किती, यावरून हेलकाव्याचा वेग ठरतो.

मॉडेलचं खरं काम आता सुरू होतं, कारण आता एकेक खिळा ढिला करून बघता येतो. गाबाचा कालांक १० वरून २० मिलिसेकंद केला तर फेरा लांबतो आणि लय गॅमाच्या खालच्या टोकाकडे किंवा त्याहूनही खाली घसरते. फेरा दुप्पट मात्र होत नाही, कारण रोध किती ओसरल्यावर सुटका होते हे बाहेरच्या उत्तेजनावरही अवलंबून असतं. उत्तेजन वाढवलं की सुटका लवकर होते, लय जलद होते. रोधकांकडून उत्तेजकांकडे जाणारे दुवे तोडले की लय नाहीशी होते, पेशी पेटत राहतात पण ज्याची त्याची वेळ. उत्तेजकांकडून रोधकांकडे जाणारे तोडले तर रोधकांना कळतच नाही की कधी पेटायचं; पण त्यांना स्वतंत्र उत्तेजन दिलं तर त्या आपापसांतच एकमेकींना रोखून लय धरू शकतात. हा दुसरा प्रकारही कल्पनेतला नाही. १९९५ साली व्हिटिंग्टन, ट्रॉब आणि जेफ्रीज यांनी उंदराच्या मेंदूच्या कापांमध्ये फक्त रोधक पेशींच्या जाळ्यातून ४० हर्ट्झ मिळवले, आणि गाबाचा परिणाम लांबवणारं बार्बिट्युरेट जातीचं औषध घातल्यावर लय मंदावते हेही दाखवलं. ते काप मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाचे होते, आणि कॉर्टेक्सचेही.

हे सगळं छान जमलं तरी एक अडचण होती. वरच्या मॉडेलात उत्तेजक पेशी जवळजवळ प्रत्येक फेऱ्यात पेटते. खऱ्या कॉर्टेक्समध्ये तसं होत नाही. तिथली पिरॅमिड पेशी सेकंदाला काही मोजके स्पाइक देते, तेही अनियमित, आणि तरीही समूहाची लय चाळीसची असते. हा विरोधाभास निकोला ब्रुनेल आणि विन्सेंट हाकीम यांनी १९९९ साली गणिताने सोडवला. पेशींना स्थिर उत्तेजनाऐवजी गोंगाटाचं, वरखाली होणारं उत्तेजन द्या. मग प्रत्येक फेऱ्यात सुटकेची खिडकी सगळ्यांसाठी उघडते, पण त्या वेळी उंबरठ्याच्या पुरेशा जवळ असलेल्या थोड्याच पेशी पेटतात, आणि दर वेळी वेगळ्या. एका पेशीची नोंद पाहिली तर लय ओळखूसुद्धा येत नाही, हजारांची बेरीज केली की स्पष्ट दिसते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर निकाल हाच. लय कुठल्याच एका पेशीची नसते.

पेशी न पेशी मोजायची नसेल तर दुसरा रस्ता आहे, आणि तो वयाने जुना आहे. शिकागो विद्यापीठात ह्यू विल्सन आणि जॅक कोवान यांनी १९७२ साली हजारो समीकरणांऐवजी दोनच लिहिली: एक उत्तेजक समूहाची सरासरी हालचाल किती हे सांगणारं, दुसरं रोधक समूहाची. प्रत्येक समूहाला दोघांकडूनही येणं असतं. उत्तेजकांचं अधिक, रोधकांचं उणे, वर बाहेरचं उत्तेजन. या बेरजेला एस-आकाराच्या वक्रातून गाळलं जातं, कारण थोड्या उत्तेजनाला समूह दाद देत नाही, मधल्या टप्प्यात जोरात देतो आणि शेवटी थकतो. दुव्यांच्या जोराचे चार आकडे आणि दोन कालांक, एवढ्यावर मॉडेल उभं. उत्तेजक समूह स्वतःला पुरेसं भडकवत असेल आणि रोध थोडा मागाहून येत असेल, तर ही जोडी एका ठिकाणी स्थिरावत नाही, एकमेकांच्या मागे फिरत राहते. आलेखावर एका अक्षाला उत्तेजक आणि दुसऱ्याला रोधक घेतलं तर एक बंद वळसा उमटतो, आणि सुरुवात कुठूनही केली तरी शेवटी त्याच वळशावर येतो. उत्तेजन एका मर्यादेखाली असताना हा वळसा नसतो, मर्यादा ओलांडली की उमलतो. पट्टे दाखवले की गॅमा सुरू, काढले की बंद, याचं गणितातलं रूप हेच.

मग हे खरं कशावरून? समीकरणं काहीही करून दाखवतात. खुर्चीत बसून कोणीही आकडे जुळवू शकतो. म्हणून २००९ साल महत्त्वाचं. त्या वर्षी जेसिका कार्डिन आणि क्रिस्टोफर मूर यांच्या गटाने एमआयटीमध्ये उंदराच्या स्पर्श-कॉर्टेक्सवर, मिशांचे संदेश जिथे येतात त्या भागावर, प्रयोग केला. त्या भागात प्रत्येक मिशीची स्वतःची जागा असते, त्यामुळे नेमकं कुठे काय केलं हे कळतं. झटपट स्पाइक देणाऱ्या रोधक पेशींमध्ये प्रकाशाने उघडणारी प्रथिनं बसवून त्यांच्यावर वेगवेगळ्या वेगाने प्रकाशाचे झोत मारले. झोत गॅमाच्या वेगाने मारले तेव्हा कॉर्टेक्सची लय ठळक वाढली. मंद वेगाने मारल्यावर तसा परिणाम नाही. उलट उत्तेजक पेशींना तसेच झोत दिले तर मंद लयी वाढल्या, गॅमा नाही. मॉडेल जे म्हणत होतं, की गॅमाची किल्ली रोधकांकडे आहे, ते जिवंत मेंदूत दिसलं. याच प्रयोगात पुढे मिशीला धक्का दिला तेव्हा लयीच्या फेऱ्यातल्या कुठल्या क्षणी धक्का लागला यावर पेशींचा प्रतिसाद बदलला. रोध जोरात असतानाचा धक्का दबला, ओसरल्यावरचा जोरात गेला. सोहल, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा निबंधही याच निष्कर्षाकडे बोट दाखवत होता.

आता मांजराच्या कॉर्टेक्समधून निघालेल्या त्या देखण्या कल्पनेकडे. सुप्रतीम रे आणि जॉन मॉन्सेल यांनी २०१० साली माकडांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये एक साधी गोष्ट तपासली: पट्ट्यांचा काळा-पांढरा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, बदलला तर गॅमाचं काय होतं? कॉन्ट्रास्ट वाढवला की गॅमाची वारंवारता वाढली. आपल्या मॉडेलला हे नवीन नाही. जास्त उत्तेजन, लवकर सुटका, जलद लय. पण कल्पनेला मात्र हे जड गेलं. एकाच वस्तूचा मधला भाग उजळ आणि कडा फिकट असेल तर मधल्या भागाच्या पेशी एका वेगाने चालतील आणि कडांच्या दुसऱ्या, आणि प्रत्यक्षात तसंच दिसलं. ज्यांचे वेग वेगळे त्यांची वेळ जास्त काळ जुळून राहूच शकत नाही. जगातली कुठलीही खरी वस्तू सगळीकडे सारख्या कॉन्ट्रास्टची नसते. तेव्हा गॅमा हे सगळ्या तुकड्यांना बांधणारं घड्याळ आहे, ही कल्पना निदान सरळ अर्थाने तरी उभी राहत नाही, असं मला वाटतं. सगळे अभ्यासक हे मान्य करतात असं नाही.

रे आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत आणि त्यांच्या प्रयोगशाळेने या मॉडेलांची पुढची परीक्षा घेतली आहे. पट्ट्यांचं चित्र बरंच मोठं केलं की एकच गॅमा दिसत नाही. एक मंद, साधारण २५ ते ४५ हर्ट्झची, आणि एक जलद, ४५ ते ७० ची, अशा दोन शेजारी दिसतात. एका उत्तेजक आणि एका रोधक समूहाच्या मॉडेलातून एकच लय निघते. दोन हव्यात तर रोधकांची दुसरी जात घ्यावी लागेल: उंदरांवरच्या प्रयोगांत सोमॅटोस्टॅटिन बाळगणाऱ्या, पिरॅमिड पेशींच्या फांद्यांवर काम करणाऱ्या रोधक पेशी मंद लयीशी जोडलेल्या आढळल्या आहेत. दुसरी परीक्षा याहून बारीक. आतापर्यंत सगळे लयीची वारंवारता आणि उंची पाहत होते. बंगळूरच्या गटाने २०२२ साली तिचा आकार पाहिला. गॅमाची लहर शाळेतल्या साइन वक्रासारखी गुळगुळीत नसते, एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पसरट, कमानीसारखी असते. विल्सन-कोवान धाटणीची मॉडेलं ठरावीक परिस्थितीतच, रोधक समूह आपल्या एस-वक्राच्या वर वळणाऱ्या भागात काम करत असतानाच, असा आकार देतात. म्हणजे नुसत्या आकारावरून कितीतरी आकडे बाद करता आले. चाळीसचा आकडा गाठणारी मॉडेलं पोत्याने मिळतील, पण लहरीचा आकार, कॉन्ट्रास्टचा परिणाम आणि चित्राच्या मापाचा परिणाम हे तिन्ही एकदम जुळवणारी फार थोडी.

स्पर्शाच्या कॉर्टेक्समधून आलेला एक धडा वेगळ्या जातीचा आहे. हाताला स्पर्श करण्याआधी तिथे सेकंदाला १५ ते ३० ची बीटा लय असते. प्रयोगाच्या शेकडो खेपांची सरासरी काढली तर ती एका सलग पट्ट्यासारखी दिसते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात स्टेफनी जोन्स यांच्या गटाने एकेक खेप सुटी पाहिली, तेव्हा कळलं की सलग लय नाहीच. दीडशे मिलिसेकंदांच्या आत संपणारे सुटे झटके आहेत आणि सरासरीने ते एकमेकांत मिसळून टाकले. २०१६ च्या त्यांच्या मॉडेलात असा झटका तेव्हा निघतो, जेव्हा पिरॅमिड पेशींच्या खालच्या भागावर एक सौम्य, पसरट उत्तेजन येतं आणि नेमकं त्याच वेळी वरच्या फांद्यांवर सुमारे ५० मिलिसेकंदांचं जोरकस उत्तेजन येतं. माकडांच्या आणि उंदरांच्या कॉर्टेक्समधल्या थर-न-थर नोंदी याच्याशी जुळल्या. त्यानंतरच्या वर्षी असं दिसलं की स्पर्शाच्या आधी हे झटके जास्त आले तर हलका स्पर्श कळण्याची शक्यता कमी होते, माणसातही आणि उंदरातही. सरासरीचा आलेख पाहून मॉडेल बांधणाऱ्यांनी आधी कच्ची नोंद बघावी, हे यातून शिकायचं.

या सगळ्याचा बाजारही सुरू झाला आहे. २०१६ साली एमआयटीतल्या ली-ह्वे साय यांच्या गटाने उंदरांना ४० हर्ट्झने लुकलुकणारा प्रकाश दाखवला आणि अल्झायमरशी निगडित प्रथिन घटल्याचं नोंदवलं. २०२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाला तो परिणाम मिळाला नाही. शिवाय बाहेरून लादलेली चाळीसची लय मेंदूच्या स्वतःच्या गॅमाला चालवत नाही, असंही दिसलं. वर बांधलेलं मॉडेल लक्षात असेल तर याचं नवल वाटू नये: लुकलुक बाहेरून येते, गॅमा आतल्या रोधाच्या ओसरण्यातून येते, आकडा सारखा असला तरी घडण वेगळी. माणसांवरच्या चाचण्या अजून चालू आहेत. तोवर चाळीस हर्ट्झचे दिवे घरी आणून आईवडिलांसमोर लावू नयेत. बंगळूरच्या गटाने केलेलं काम उलट दिशेचं आहे आणि मला ते जास्त आश्वासक वाटतं: पन्नाशी ओलांडलेल्या निरोगी माणसांमध्ये पट्टे दाखवून उठणारी गॅमा वयाबरोबर क्षीण होते, आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्यांत त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षाही ती क्षीण आढळते. उपाय नाही, पण मोजण्याची एक सोपी, स्वस्त खूण मिळण्याची शक्यता आहे.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचं असेल, त्यांना महागडी यंत्रं लागत नाहीत. हजार पेशींचं जाळं साध्या लॅपटॉपवर चालतं. पायथॉन येत असेल तर ‘ब्रायन’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. पिरॅमिड पेशींच्या फांद्यांसकट मॉडेल हवं असेल तर जोन्स यांच्या गटाचं ‘ह्यूमन निओकॉर्टिकल न्यूरोसॉल्व्हर’ आहे, तेही मोफत. पहिल्या दिवशी ८०० उत्तेजक, २०० रोधक, पाऊल एक दशांश मिलिसेकंदाचं. लय उमटली की गाबाच्या कालांकाशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका, तो ५ पासून २५ पर्यंत एकेक मिलिसेकंदाने वाढवत न्या आणि दर वेळी वारंवारता टिपून ठेवा.